नुसता फवारा की गुंगीचं इंजेक्शन?

प्रश्न : पित्ताच्या त्रासामुळे माझी दुर्बिणीची तपासणी झाली. घशात कडवट फवारा मारला आणि लगेच नळी घातली. उमाळ्यांवर उमाळे, डोळ्यांतून पाणी, हात धरायला दोघी जणी! जाऊबाईंची हीच तपासणी दुसऱ्या दवाखान्यात झाली, तर त्या म्हणतात, ‘झोपले आणि उठले.’ असा फरक का? गुंगी मागून मिळते का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मागता येते, पण टेबलावर आडवं झाल्यावर नव्हे, तपासणीची तारीख घेतानाच.

तुम्हाला मारला तो लिग्नोकेनचा फवारा. त्यानं घसा बधिर होतो, भीती मात्र जात नाही आणि उमाळेही पुरते थांबत नाहीत. साधारण सेंटिमीटरभर जाडीची ती नळी अन्ननलिकेत जाते, श्वासनलिकेत नाही. त्यामुळे गुदमरल्यासारखं वाटलं तरी श्वास चालू असतो. जठराची तपासणी पाच-दहा मिनिटांत आटोपते, म्हणून पुष्कळ ठिकाणी फवाऱ्यावरच भागवतात. कित्येकांचं त्यावर खरंच भागतं आणि ते थोड्या वेळात आपल्या पायांनी घरी जातात.

जाऊबाईंना बहुधा मिडॅझोलाम दिलं असावं. त्याची गंमत अशी, की माणूस अर्धवट जागा असतो, ‘कुशीवर वळा’ म्हटलं की वळतो, पण नंतर त्यातलं फारसं आठवत नाही. दुसरं औषध प्रोपोफॉल. दुधासारखं पांढरं, बघता बघता झोपवणारं आणि काही मिनिटांत उतरणारं. मिडॅझोलामचा अंमल उतरवायला फ्लुमाझेनिल आहे. प्रोपोफॉलला असा उतारा नाही. त्यानं श्वास मंदावू शकतो, म्हणून आपल्याकडे ते सहसा भूलतज्ज्ञच देतात. फरक पडतो तो इथेच : भूलतज्ज्ञ, नाडी आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारी यंत्रं, जाग येईपर्यंत मोकळी खाट आणि या सगळ्याचं बिल.

तरीही ‘थोडं सोसा’ हे उत्तर पुरेसं नाही. रुग्णाची संमती घेण्यापूर्वी धोक्यांबरोबर उपलब्ध पर्यायही सांगायला हवेत, असं सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्यात 2008 मध्येच म्हटलं आहे. गुंगीचा पर्यायही त्यातच आला, असं आम्हाला वाटतं. तेव्हा सहीआधी विचारा : इथे गुंगी देतात का? कोण देतं? खर्च किती? सोय नसेल, तर ती असलेल्या ठिकाणी चिठ्ठी मागा. काही ठिकाणी नाकातून जाणारी बारीक नळीही असते. तिनं उमाळे कमी येतात.

तुमच्याकडूनही काही सांगायला हवं : दमा, झोपेत घोरणं, रोजच्या गोळ्या, आधी भुलीचा झालेला त्रास. पोट किती तास रिकामं ठेवायचं ते डॉक्टर सांगतील; जेवणानंतर निदान सहा तास तरी जाऊ द्यावे लागतात. गुंगी घेतल्यावर 24 तास गाडी चालवायची नाही आणि महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही.

म्हणून पुढच्या वेळी जाऊबाईंनाच सोबत न्या. येताना गाडी त्या चालवतील आणि डॉक्टरांनी काय सांगितलं तेही त्यांच्याच लक्षात राहील.