कोऱ्या गोलांचा सौदा

आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत हल्ली जेवणाचे डबे उघडले की एकच विषय निघतो. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल दिला आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणं बंधनकारक झालं. वीस-वीस वर्षं वर्ग सांभाळलेली माणसं घाबरली आहेत. आणि अशी भीती पसरली की कुठून तरी 'आपला माणूस' उगवतोच. 'साहेबांपर्यंत पोच आहे, काम होतं,' असं कुणीतरी कुणाच्या तरी कानात सांगतं. परवा ते माझ्याही कानावर आलं, म्हणून हे लिहिते आहे.

माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, न्हावऱ्याच्या बाजूचं. सासर आणि शाळा दौंड तालुक्यात. असा 'आपला माणूस' मी पूर्वी जवळून पाहिला आहे. माझा धाकटा चुलतभाऊ डीएड होऊन घरी बसला होता. २०१९ची टीईटी १९ जानेवारी २०२० रोजी झाली, त्याच्या आधी चौफुल्याच्या एका हॉटेलात बैठक ठरली. काकांचं उसाचं बिल आलं होतं, उरलेली रक्कम माझ्याकडून उसनी हवी होती, म्हणून मलाही बोलावलं. एजंटाच्या अटी साध्या होत्या. निम्मे आता, निम्मे निकालानंतर. मूळ गुणपत्रिका त्याच्याकडे, सोबत सही केलेला कोरा चेक. 'येत नाही ते कोरं सोड, उत्तरपत्रिकेतले गोल आम्ही नंतर भरतो. काम नाही झालं तर पैसे परत, एक रुपया कापणार नाही.'

काकांना ही शेवटची अट फार आवडली. मला तिचीच शंका आली. जोखीम घेणारा माणूस बिनबोभाट पैसे परत करायला तयार कसा? मी पैसे दिले नाहीत. 'ताई, तुझं नोकरीचं झालंय, तुला काय कळणार,' असं ऐकून घेतलं. पुढची राखीपौर्णिमा अबोल्यातच गेली.

तो हिशेब मला नंतर उमगला. एजंटाने वीस जणांकडून पैसे घ्यायचे आणि करायचं काहीच नाही. त्यांतले दोघे-तिघे आपल्या अभ्यासाने पास होतातच. त्यांचे पैसे ठेवून घ्यायचे, बाकीच्यांचे हात जोडून परत करायचे. पैसे परत मिळालेला माणूसच मग गावभर सांगतो की गडी शब्दाचा पक्का आहे. या धंद्याला भांडवल लागत नाही आणि तक्रार तर कुणीच करत नाही.

पण त्या वर्षी खरोखर सौदा करणारेही होते, आणि ते आतच बसले होते. डिसेंबर २०२१मध्ये म्हाडाच्या परीक्षेचा पेपर फुटल्याचं प्रकरण पुणे सायबर पोलिस तपासत होते. तो धागा परीक्षेचं काम करणाऱ्या कंपनीपर्यंत आणि तिथून टीईटीपर्यंत गेला. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचे तत्कालीन आयुक्त तुकाराम सुपे यांनाच अटक झाली. हीच परिषद शाळकरी मुलांची शिष्यवृत्ती परीक्षा घेते. तिच्या गुणवत्ता यादीत पोराचं नाव आलं की आमच्या शिरूर तालुक्यात फ्लेक्स लागतात. मुलांना खाडाखोड करू नका म्हणून बजावणाऱ्या मला त्या आठवड्यात वर्गात बोलणं जड गेलं. ऑगस्ट २०२२मध्ये परिषदेने दोषी उमेदवारांची यादी काढली. त्या परीक्षेत पात्र ठरले होते १६,५९२ आणि यादीत नावं होती ७,८७४.

भाऊ निकालात पास होता. पेढे वाटून झाले होते, उरलेले पैसेही देऊन झाले होते. त्याने ती यादी पुन्हा पुन्हा चाळली. त्याचं नाव तीत नव्हतं.

मग त्याने मला खरं सांगितलं. कोरं सोडायला त्याचा हात धजलाच नव्हता. येईल ते, येणार नाही ते, सगळे गोल त्याने स्वतः भरले होते. म्हणजे तो बहुधा आपल्याच जिवावर पास झाला आणि एजंटाने फुकटचे पैसे खाल्ले. पण हे 'बहुधा' त्याच्या मनातून जात नाही. कुणाला विचारायची सोय नाही, पैसे परत मागायला तोंड नाही. पुढची शिक्षक भरती निघाली तेव्हा कागदपत्रांच्या पडताळणीत कुणाच्या मोबाईलमध्ये आपला नंबर निघेल या धास्तीने त्याने अर्जच भरला नाही. आज तो रांजणगावच्या एमआयडीसीत पाळी करतो. त्याच्या कष्टाचं प्रमाणपत्र काकूच्या ट्रंकेत पडून आहे.

आमचे एक गुरुजी म्हणतात, टीईटी ही पात्रता परीक्षा आहे, स्पर्धा नाही, आपण पास झालो म्हणून कुणाची जागा जात नाही. ऐकायला पटतं. पण पुढे भरती होते ती पात्रताधारकांमधूनच. तिथे पैशाने उभा राहिलेला माणूस अभ्यास करून आलेल्याच्या पुढे रांगेत लागतो. शिवाय चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवायला एजंट येत नाही.

केंद्र सरकारच्या परीक्षांसाठीचा २०२४चा सार्वजनिक परीक्षा कायदा पेपर फोडणाऱ्या टोळ्यांना दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटी दंड सांगतो. त्याचा रोख टोळ्यांवर आहे, उमेदवारांवर नाही. म्हणून उमेदवार सुटला असं मात्र समजू नका. वर सांगितलेल्या ७,८७४ जणांचा निकाल परिषदेने आपल्या अधिकारातच रद्द केला होता.

ज्यांनी मूळ कागद आणि चेक आधीच देऊन टाकलेत, त्यांनी बँकेत जाऊन चेक थांबवावा, वकिलाला गाठावं आणि पोलिसांत जावं. उशीर कराल तितका तो माणूस तुमच्या डोक्यावर बसेल. पैशाची आशा सोडा, कागद सोडवा.

आणि जे अजून विचारात आहेत, त्यांनी आधी पेपर उघडून तरी पाहावा. पहिला पेपर दीडशे गुणांचा. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी तीस. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणजे एकही गोल कोरा सोडायचं कारण नाही. खुल्या गटाला नव्वद लागतात. गणित आणि परिसर तर आपण रोज फळ्यावर शिकवतो. अडतं ते मानसशास्त्रात आणि इंग्रजीत. आमच्या केंद्रातल्या पाच जणी शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोन तास बसतो. इंग्रजी गेल्याच वर्षी भरती झालेली एक मुलगी घेते. ती आम्हाला मॅडम म्हणते आणि चुकलं की सरळ पुन्हा सोडवायला लावते. केडगाव-पाटसच्या बाजूचं कुणी असेल तर या, वर्गात बाकं रिकामी आहेत.