कठड्याच्या अलीकडे

चि. मुक्ता,


ताईने काल तुझा फोटो पाठवला. इटलीतल्या चिविता दी बान्योरेजोला, कठडा ओलांडून, एका हाताने झुडूप धरून उभी आहेस. ताई कौतुकाने सगळ्यांना दाखवतेय. तिला मी काही बोललो नाही, तुला मात्र बोलणार. कठड्यापलीकडे पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

अगं, ते गाव कशावर उभं आहे ते तुला ठाऊक आहे. वर ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड, खाली चिकणमाती. पावसापाण्याने माती वाहून जाते, दगड अधांतरी राहतो आणि मग सुटतो. संत बोनाव्हेंतुराचं लहानपणीचं घरसुद्धा दरीत गेलं. गावात शिरायला १९६५चा पादचारी पूल तेवढा आहे. अशा कड्याच्या टोकाला माझी भाची उभी! तुझे आजोबा असते तर पुढच्या विमानाने निघाले असते.

दरी मोठी दिसते म्हणून फोटो मोठा होत नाही गं. फोटोग्राफर जाकोमेल्लीचा स्कान्नोचा फोटो आठव, १९५७चा. काळ्या कपड्यांतल्या बायका पुसट, आणि मधोमध खिशात हात घालून चालत येणारा मुलगा तेवढा स्पष्ट. आब्रुझ्झोतलं डोंगरी गाव ते, पण चित्रात डोंगर नाही की दरी नाही. साधी गल्ली आहे. आधी १९५१ साली कार्तिए-ब्रेसाँही तिथल्या गल्ल्यांतच फिरला होता. कडा कुणालाच लागला नाही.

तुझ्या वयात मलाही बुरूज आणि कडेच दिसायचे. राजगडाच्या वाटेवर एक म्हातारी ताक विकायची. मला बघून न मागता पेला भरायची. रिळातला शेवटचा फोटो दर वेळी सूर्यास्तालाच जायचा. स्टुडिओत एवढी वर्षं काढली, पण तिचा चेहरा माझ्यापाशी नाही.

म्हणून सांगतो, गल्लीत थांब. दारातल्या आजीला आधी नमस्कार कर, मग विचार, आणि नको म्हणाली तर कॅमेरा खाली घे. पण कठड्याबाहेर नाही. पाऊस पडून गेल्यावर तर मुळीच नाही.

फार बोललो का? तुझी नजर चांगली आहे, माझ्यापेक्षा चांगली. पूल चढणाऱ्या त्या भाजीवाल्याचा तुझा फोटो मी मोठा छापून दुकानात लावलाय. गिऱ्हाईकं विचारतात, मी सांगत बसतो.

चांगले बूट घे. पैसे मी पाठवतो, ताईला कळवायची गरज नाही. आणि रागावलो म्हणून रविवारचा फोन चुकवू नकोस, बाळा.

तुझा,
मामा