गाडी फास्ट की पोरगं फास्ट?

आधीच सांगतो, हा लेख वाचून रेक्टर सरांनी विंगमधला लॅनचा स्विच काढून नेऊ नये. लेख अभ्यासाचाच आहे. मेट्रॉलॉजीच्या ओरलला जेवढं घाबरलो नाही, तेवढा या प्रकरणात घाबरलो होतो, कारण चूक माझी होती आणि ती अख्ख्या विंगसमोर झाली.

आमच्या विंगमध्ये दर शनिवारी रात्री मेस झाल्यावर 'लाइव्ह फॉर स्पीड'ची रेस लागते. गेम तसा म्हातारा. पहिली विकत मिळणारी आवृत्ती 2003 साली आली, आणि बनवणारे फक्त तिघे जण. पण ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवरही तो बिनबोभाट चालतो, त्याचा डेमो फुकट आहे, आणि टायर तापणं, झिजणं, टाकीतल्या पेट्रोलचं वजन, पुढच्या गाडीच्या मागे लागल्यावर कमी होणारा हवेचा विरोध, हे सगळं त्यात हिशेबात धरलेलं आहे. स्टिअरिंग व्हील विंगमध्ये एकाकडेच, बाकी आम्ही माउसने गाडी चालवतो. हसू नका, माउसने चांगली चालते.

डेमोमध्ये ट्रॅक एकच, ब्लॅकवुड. रोजच्या वापरातल्या गाड्या दोन. एक्सएफ जीटीआय ही पुढच्या चाकांना ताकद देणारी छोटी हॅचबॅक, साधारण 115 अश्वशक्ती आणि 942 किलो. एक्सआर जीटी ही मागच्या चाकांना ताकद देणारी कूपे, साधारण 140 अश्वशक्ती आणि 1150 किलो. आता कॅल्क्युलेटर काढा. पहिलीला एका टनामागे 122 अश्वशक्ती मिळते, दुसरीलाही जवळजवळ 122. म्हणजे कागदावर दोघी सख्ख्या बहिणी.

या कागदावरच मी फसलो.

सेमिस्टरच्या सुरुवातीला आम्ही आठ जणांची लीग काढली. वेळापत्रक, गुण आणि नियम माझ्याकडे. सेकंड इयरचा एक पोरगा आहे, त्याला सगळे छोटू म्हणतात. त्याने एक्सएफ घेतली आणि पहिल्या तिन्ही रेस जिंकल्या. लगेच कुजबुज सुरू झाली. "एक्सएफ ओव्हरपॉवर आहे." "कॉर्नरला चिकटूनच जाते." माझा रूम पार्टनर एक्सआर चालवतो, तो तर रोज रात्री लाइट बंद झाल्यावरही हेच ऐकवायचा. शेवटी मी निकालाचा कागद पाहिला. तिन्ही वेळा वरती एक्सएफ, खाली एक्सआर. मी फर्मान काढलं, पुढच्या रेसपासून एक्सएफवर 30 किलो वजन.

गेममध्ये ही सोय आहे. गॅरेजमध्ये ड्रायव्हर गाडीवर 200 किलोपर्यंत वजन लादू शकतो, किंवा इंजिनात जाणारी हवा 50 टक्क्यांपर्यंत आवळू शकतो. छोटू काही बोलला नाही. "ठीक आहे दादा," म्हणाला आणि 30 किलो टाकले. ती रेस 15 लॅपची होती. दहाव्या लॅपनंतर त्याचे पुढचे टायर इतके तापले की गाडी वळायलाच तयार नव्हती. पाचवा आला. पुढच्या शनिवारी तो आलाच नाही, त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही.

मला चूक कळली ती एका सरांमुळे. लॅबमध्ये वाट बघत बसलो असताना मी हा किस्सा त्यांना गंमत म्हणून सांगितला. त्यांनी एवढंच विचारलं, "दोन्ही गाड्या किती पोरांनी चालवून पाहिल्या?" मी म्हटलं, "कोणीच नाही सर, ज्याची त्याची गाडी ठरलेली आहे." सर म्हणाले, "मग तू मोजलंस काय?"

खरंच, मी काय मोजलं होतं? एका बाजूला एक्सएफ अधिक छोटू, दुसऱ्या बाजूला एक्सआर अधिक माझा रूम पार्टनर. यातून गाडीचा वाटा किती आणि पोराचा किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. अज्ञात दोन आणि समीकरण एक. हे तर आपण फर्स्ट इयरला शिकतो.

शिवाय 30 किलोचा हिशेबही मी धड केला नव्हता. 942 किलोच्या गाडीवर 30 किलो टाकले की टनामागची ताकद तीन टक्क्यांहून थोडी जास्त उतरते. तेवढेच 30 किलो एक्सआरवर टाकले असते तर अडीच टक्के उतरली असती. वजन एकच, पण हलक्या गाडीला ते जास्त बोचतं. आणि वजन काही फक्त सरळ रस्त्यावर नडत नाही. ब्रेक लांबतो, वळणाचा वेग पडतो, कारण टायरवरचा भार वाढतो त्या प्रमाणात पकड वाढत नाही, जरा कमीच वाढते. पुढच्या चाकांच्या गाडीत वळवायचं कामही पुढच्याच टायरचं आणि ओढायचं कामही त्यांचंच. तिथे जादा वजन टाकणं म्हणजे आधीच दोन घागरी घेतलेल्या माणसाच्या डोक्यावर तिसरी ठेवणं.

हवा आवळली की वेगळंच होतं. वळणात गाडी पहिल्यासारखीच राहते, फक्त सरळ रस्त्यावर दम कमी पडतो. तोही वाटतो तेवढा नाही. हवेचा विरोध भेदायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ताकद 5 टक्के कमी केली तरी कमाल वेग पावणेदोन टक्क्यांच्या आतबाहेरच उतरतो. 200 च्या जागी 197 धरा. फटका खरा बसतो तो वळणातून बाहेर पडून वेग घेताना.

मग आम्ही नीट चाचणी घेतली. छोटूच्या रूमवर मी स्वतः गेलो, कारण त्याच्याशिवाय चाचणीला अर्थच नव्हता. आठही जणांनी दोन्ही गाड्या चालवायच्या. चौघांनी आधी एक्सएफ, चौघांनी आधी एक्सआर, कारण दुसऱ्या गाडीत बसेपर्यंत हात बसलेला असतो आणि तो फायदा एकाच गाडीला मिळायला नको. सेटअप गेमबरोबर येतो तोच. पेट्रोल सगळ्यांचं सारखं. 20 लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे 15 किलो, म्हणजे माझ्या त्या 30 किलोंचा निम्मा भाग नुसत्या टाकीत लपू शकतो! पहिल्या दोन लॅप सोडून द्यायच्या, टायर थंड असतात. पुढच्या दहा लॅप लिहायच्या आणि त्यातली मधली वेळ धरायची. सर्वांत चांगली लॅप धरायची नाही, ती कधी कधी नशिबानेही लागते.

निकाल असा आला. पाच जण एक्सएफमध्ये वेगवान, तीन जण एक्सआरमध्ये. दोन गाड्यांमधला फरक अर्ध्या सेकंदाच्या आत. पोरापोरांतला फरक तीन सेकंदांच्या पुढे. आणि छोटू? एक्सएफमध्ये पहिला. एक्सआरमध्येही पहिला, तेही ती गाडी त्याने आधी कधी चालवलेली नसताना. ते 30 किलो मी गाडीवर टाकलेच नव्हते, त्याच्या हातांवर टाकले होते.

आणखी एक गोष्ट दिसली. दहा लॅपच्या शेवटी शेवटी एक्सएफची वेळ सगळ्यांच्याच हातात घसरत होती. एक्सआरची कमी. म्हणजे पाच लॅपच्या रेसला जे संतुलन बरोबर, ते पंधरा लॅपला चूक. मी मारे शिक्षा केली एक्सएफला, आणि लांब रेसमध्ये आधार हवा होता तिलाच.

खऱ्या रेसिंगमध्ये या कामाला बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स म्हणतात. 2006 साली स्टेफान रातेल यांच्या संस्थेने युरोपात जीटी3 स्पर्धा सुरू केली तीच मुळी या पायावर. पोर्शेचं इंजिन मागे, ॲस्टन मार्टिनचं पुढे, लॅम्बोर्गिनीचं मधे. यांना एका रांगेत उभं करायचं तर वजन आणि इंजिनाची हवा आवळूनच. त्यासाठी फ्रान्समधल्या पॉल रिकार ट्रॅकवर गाड्यांची खास चाचणी घेतात. 2019 साली आलेल्या 'असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने' या गेमने तर जीटी3ची हीच पद्धत उचलली, प्रत्येक ट्रॅकला वेगळ्या आकड्यांसकट. याउलट 'ग्रान तुरिस्मो'मध्ये गाडीला परफॉर्मन्स पॉइंटचा एकच आकडा मिळतो. सोयीचं आहे, पण एक आकडा म्हणजे टक्केवारीसारखाच. सारखे टक्के मिळालेली दोन पोरं सारखी नसतात.

मोठ्यांचाही घोळ होतोच. 2016 च्या ल मानला पात्रता फेरी झाल्यावर, रेसच्या अगदी तोंडावर, आयोजकांनी फोर्डचा टर्बो बूस्ट कमी करून वजन वाढवलं, फेरारीवरही वजन टाकलं, कॉर्व्हेट आणि ॲस्टन मार्टिनला थोडी मोकळी हवा दिली. तरी त्या वर्गात जिंकली फोर्डच. कोणी आधी मुद्दाम हळू चालवलं का, यावर तेव्हा भरपूर वाद झाला. हॉस्टेलवरही हा धोका आहे. चाचणीच्या दिवशी एखादा मुद्दाम रमतगमत चालवेल आणि सवलत घेऊन जाईल. आमच्यावर उपाय सोपा होता. प्रत्येकाला दोन्ही गाड्या चालवायच्या असल्याने हळू कुठे चालवायचं हेच कुणाला ठरवता येईना.

नवीन येणाऱ्यांना गाडी कोणती घ्यावी, हे विचारायची सवय आहे. माझं मत विचाराल तर आधी एक्सएफ घ्या. चुकलात तर ती नाक बाहेर काढते, ॲक्सिलरेटर सोडला की परत येते. एक्सआर चुकीच्या वेळी ॲक्सिलरेटर दाबला की शेपूट पुढे आणते, आणि माउसवर ती सावरणं येरागबाळ्याचं काम नाही. फोरमवाले वर्ल्ड रेकॉर्ड पाहून गाडी निवडतात तसं करू नका. त्या वेळा त्या गाडीच्या नाहीत, त्या हातांच्या आहेत.

लीगचे नियम आता बदललेत. पाच लॅपला काहीच भार नाही. पंधरा लॅपला एक्सआरची हवा 2 टक्के आवळलेली. रूम पार्टनर चार दिवस बोलला नाही, मग बोलला. छोटूची ती बुडालेली रेस रद्द करून आम्ही पुन्हा घेतली.

माझ्या रूम पार्टनरचा एक मुद्दा मात्र मला पटला. तो म्हणाला, चांगल्या ड्रायव्हरवर भार टाकायचाच असेल तर तसं तोंडावर सांगून टाका, गाडीच्या नावाखाली नको. जपानच्या सुपर जीटीमध्ये असंच असतं, चांगला निकाल लागला की पुढच्या रेसला गाडीवर वजन येतं, आणि ते सगळ्यांना आधीपासून माहीत असतं. म्हणून आम्ही शुक्रवारी वेगळी, बिनगुणांची रेस ठेवली. जिंकेल त्याच्यावर दर वेळी 10 किलो, गाडी कोणतीही असो. ही कल्पना छोटूलाच सगळ्यात जास्त आवडली.

मागच्या शुक्रवारी त्याच्या गाडीवर 40 किलो होते, माझ्या गाडीवर शून्य. मी दुसरा आलो.