खोगीर, जीन, पलाण : घोड्यावरील आसनांची रचना, मूळ आणि मराठी शब्दार्थ

प्रास्ताविक

बखरवाङ्मय आणि पोवाडे शिकविताना घोडा, त्याचा साज आणि स्वार यांचे उल्लेख वारंवार येतात. खोगीर, जीन, पलाण हे शब्द आले की त्यांचा अर्थ 'घोड्याच्या पाठीवरील बैठक' असा सांगून आपण पुढे जातो. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे हेच केले. गोरेगावसारख्या धानशेतीच्या तालुक्यात विद्यार्थ्याचा घोड्याशी संबंध येतो तो लग्नाच्या वरातीपुरता. त्यामुळे या अर्थावर कोणी शंका घेत नसे. एकदा मात्र पदवीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, खोगीर आणि जीन एकच असेल, तर आपण 'खोगीरभरती'च का म्हणतो? 'जीनभरती' का म्हणत नाही?" या प्रश्नाचे उत्तर तेव्हा देता आले नाही. ते शोधताना असे लक्षात आले की, हे शब्द वेगवेगळ्या वस्तूंची आणि वेगवेगळ्या काळांची नावे आहेत. त्यांना एकाच अर्थात कोंबल्याने मध्ययुगीन वाङ्मयाचे वाचन तर ढिले होतेच, शिवाय आपल्या समीक्षेतील एक आवडता शब्दही आपण अपुऱ्या अर्थाने वापरत राहतो. प्रस्तुत लेखात या आसनांची रचना, त्यांच्या नावांचे मूळ आणि त्यांतून भाषेत रुजलेले लाक्षणिक अर्थ यांचा क्रमाने विचार केला आहे.

आसनाची रचना

घोड्यावरील कोणत्याही आसनापुढे मुख्य प्रश्न एकच असतो. घोड्याच्या कण्यावर थेट भार पडता कामा नये. तो कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर विभागला गेला पाहिजे. कण्यावर सतत दाब आला की पाठीला जखमा होतात आणि घोडा निकामी होतो. या प्रश्नाची दोन प्रकारची उत्तरे माणसाने शोधली.

पहिले उत्तर मऊ आसनाचे. दोन लांबट उशा कण्याच्या दोन्ही अंगांना येतील अशा जोडावयाच्या, त्यांत लोकर, केस, कापूस किंवा गवत भरावयाचे आणि त्या पट्ट्याने घोड्याच्या पोटाखालून आवळावयाच्या. आल्ताय पर्वतातील पाझिरिक येथील गोठलेल्या थडग्यांत इसवी सनापूर्वी पाचव्या ते तिसऱ्या शतकांतील अशी आसने सापडली आहेत. आपले खोगीर हे याच जातीचे आसन होय. त्याच्या पोटात लाकडाचा सांगाडा नसतो. त्याला आकार देते ती आतील भरती.

दुसरे उत्तर ताठ सांगाड्याचे. लाकडाचा सांगाडा करून त्यावर चामडे मढवावयाचे, पुढे आणि मागे उंचवटे ठेवावयाचे. सांगाड्यामुळे स्वाराचा भार मोठ्या पृष्ठभागावर पसरतो आणि रिकिबीवर दिलेला जोरही एका जागी बोचत नाही. रिकिबीचा इतिहास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. सांचीच्या शिल्पांत पायाचा अंगठा अडकविण्यापुरता फास दिसतो, असे अभ्यासक दाखवितात. चीनमधील चांगशा येथील इ. स. ३०२ च्या थडग्यातील घोडेस्वाराच्या मृण्मूर्तीवर एकाच बाजूला, बहुधा चढण्यापुरती, रिकीब आहे. पुढे दोन्ही बाजूंच्या रिकिबी रूढ झाल्या आणि अवार टोळ्यांबरोबर त्या युरोपात पोहोचल्या. लिन व्हाइट या इतिहासकाराने १९६२ मध्ये तर युरोपातील सरंजामशाहीचा उदय रिकिबीशी जोडून दाखविला. त्या मतावर पुष्कळ आक्षेप घेण्यात आले; तथापि घोड्याच्या साजाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी त्यातून बळावली.

सांगाड्याच्या आसनाचे पुढील प्रकार कामाप्रमाणे घडले. शिकारीत कुंपणावरून उड्या मारणाऱ्या इंग्रज स्वाराला पुढचा उंचवटा अडचणीचा, म्हणून त्याचे आसन सपाट आणि हलके झाले. गुरे राखणाऱ्या मेक्सिकन स्वाराला दोराने पकडलेले जनावर रोखून धरावयाचे असे, म्हणून त्याच्या आसनाच्या पुढच्या टोकाला दोर गुंडाळण्याचा खुंट आला. आसन पाहिले की स्वाराचा व्यवसाय कळतो, असे म्हणता येईल.

लोखंड उरले, खोगीर गेले

या वस्तूंचा पुरावा आपल्या प्रदेशात कितपत मिळतो? गोरेगावच्या पश्चिमेस नागपूर परिसरात माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड येथे महापाषाणीय शिळावर्तुळांची उत्खनने झाली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील या दफनांत घोड्यांचे अवशेष, लोखंडी लगामाच्या कड्या आणि तांब्याच्या पत्र्याची घोड्याची शिरोभूषणे मिळाली आहेत. विदर्भात घोडा केवढा मानाचा होता, हे त्यावरून दिसते. परंतु लोकर, कातडे, कापूस आणि लाकूड मातीत टिकत नाही. लगाम उरतो आणि आसन नाहीसे होते. अशा ठिकाणी भाषेचा अभ्यासक उपयोगी पडतो. कारण वस्तू कुजली तरी तिचे नाव बोलीत राहते.

नावांचे मूळ

'पलाण' हा या शब्दांतील सर्वांत जुना. संस्कृत 'पर्याण' याची 'पल्लाण' आणि 'पडायाण' अशी प्राकृत रूपे हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या व्याकरणात नोंदविली आहेत. त्यांतील 'पल्लाण' मराठीत 'पलाण' होऊन आले. 'पलाणणे' म्हणजे आसन घालणे, स्वार होणे. पुढे फारसी शब्द आले आणि स्वाराच्या आसनाची जागा त्यांनी घेतली. पलाण मुख्यतः ओझ्याच्या जनावराच्या पाठीवर उरले. नवा शब्द दरबारी वस्तूकडे जातो आणि जुना शब्द कष्टाच्या वस्तूकडे सरकतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

'जीन' हा फारसी शब्द. सांगाड्याचे, चामड्याने मढविलेले आसन तयार करणारा तो जीनगर किंवा जिनगर. 'खोगीर' हाही फारसीच. 'खूय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे घेणारा. खोगीर म्हणजे घाम टिपणारे. मुळात ते जिनाखाली घालावयाच्या जाड कापडाचे किंवा नमद्याचे नाव होते. मराठीत मात्र ते सबंध मऊ आसनाचे नाव झाले. जिनाखालचे अस्तर हेच आसन बनले, हा अर्थबदल मराठी स्वाराच्या गरजांशी जुळणारा आहे. काटक, ठेंगण्या तट्टांवरून डोंगराळ मुलखात जलद हालचाल करावयाची, तर हलके, स्वस्त आणि गावातच दुरुस्त होणारे आसन सोयीचे होते.

कोशांत आणि व्यवहारात हे शब्द कधी कधी एकमेकांच्या जागीही आलेले आहेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु असा अदलाबदल झाला म्हणून मूळचा भेद नव्हता, असे होत नाही.

बाकीच्या साजाची नावेही बहुतेक फारसी-अरबीच आहेत : लगाम, रिकीब, तंग, दुमची. शिवकाळात रघुनाथपंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यातील चतुरंगवर्ग सैन्याशी संबंधित आहे. तरीही जीन, लगाम, रिकीब बोलीतून हटले नाहीत. पागेतल्या माणसाच्या तोंडी रोज असलेला शब्द कोशाच्या आज्ञेने बदलत नाही. या साऱ्यात 'मांड' हा शब्द मात्र अस्सल घरचा राहिला. साज परका असला तरी घोड्यावर बसणारी मांडी स्वतःची होती. सांगाडा नसलेल्या खोगिरावर स्वाराची सारी भिस्त मांड्यांच्या पकडीवर असते, म्हणून 'मांड ठोकणे', 'पक्की मांड' हे प्रयोग भाषेत दृढ झाले असावेत.

आमच्या जिल्ह्यापुरती आणखी एक नोंद करावीशी वाटते. सीमेपलीकडे बालाघाटकडील हिंदीत घोड्याच्या आसनाला 'काठी' म्हणतात. तो शब्द संस्कृत 'काष्ठ' यापासून आलेला असून लाकडी सांगाड्याची आठवण त्यात जपली आहे. झाडीबोलीच्या आणि पोवारीच्या परिसरातून येणाऱ्या विद्यार्थ्याला हिंदीतील 'काठी' कानावर पडलेली असते. तिच्या आधाराने त्याला जीन आणि खोगीर यांतील फरक चटकन समजतो.

बारगीर आणि खोगीर

'खोगीर' यातील 'गीर' आपल्याला दुसऱ्या एका परिचित शब्दात भेटतो. 'बार' म्हणजे ओझे. बारगीर म्हणजे ओझे घेणारा. फारसीत हा शब्द ओझ्याच्या जनावराला लावतात. मराठी लष्करात मात्र तो सरकारी घोड्यावर बसणाऱ्या स्वाराचे नाव झाला. स्वतःचा घोडा आणि हत्यार बाळगणारा तो शिलेदार. सभासदाच्या बखरीत पागेची जी व्यवस्था सांगितली आहे, तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि त्यांच्या दिमतीस नालबंद व पखालजी येतात. बारगिराचा घोडा सरकारी, त्याची निगा सरकारी. म्हणून त्याच्यावरील हुकमतही सरकारची. घोडा कोणाचा, या प्रश्नावर सैन्याची शिस्त अवलंबून होती.

नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ ते १७५१ या काळात बंगालवर चालून गेल्या, तेव्हा हा शब्द त्यांच्याबरोबर गेला आणि बंगालीत 'बर्गी' म्हणून राहिला. तेथे मुलांना झोपविण्याच्या गाण्यात तो भीतीचा शब्द आहे. आपला प्रदेश त्याच राज्यात होता. बखरीत 'बारगीर' हा शब्द शिकविताना त्याचा बंगालमधील प्रवासही सांगितला पाहिजे. एरवी विद्यार्थी त्या मोहिमांची एकच बाजू पाहतो.

साजातून आलेले लाक्षणिक अर्थ

घोडदळ गेले, तरी त्याचा साज मराठीत वावरतो आहे. 'बिबट्या जेरबंद' असा मथळा आपण वृत्तपत्रात वाचतो. 'जेर' म्हणजे खाली. घोड्याने मान उधळू नये म्हणून तोंडाकडील साजापासून छातीखालून तंगापर्यंत नेलेला पट्टा, तो जेरबंद. 'तंग' हा पोटाखालून आवळावयाचा पट्टा आणि आवळलेपणाचे विशेषणही. 'मायेची पाखर' हा प्रयोग तर अधिक बोलका आहे. संस्कृत 'प्रक्षर', प्राकृत 'पक्खर' यांपासून आलेली पाखर म्हणजे घोड्याचे किंवा हत्तीचे चिलखत. आजच्या वाचकाला तीत पाखराचे पंख दिसतात. संरक्षणाच्या या दोन प्रतिमा एकमेकींत मिसळून गेल्या आहेत आणि दोन्ही ठाऊक असलेल्या वाचकाला तो शब्द अधिक भरीव वाटतो.

खोगीरभरती आणि समीक्षा

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. 'जीनभरती' असा शब्द का नाही? जिनालाही खाली गादी असते, परंतु त्याचा आकार सांगाड्यावर ठरतो. खोगिराचा आकार आणि उपयोग दोन्ही भरतीवरच ठरतात. ही भरती बाहेरून दिसत नाही. चिंध्या, जुनी लोकर, गवत, काहीही आत कोंबता येते. म्हणून निरुपयोगी वस्तूंचा भरणा, हा अर्थ तिला चिकटला. पु. ल. देशपांडे यांनी आपल्या विनोदी लेखसंग्रहाला हे नाव दिले, ते अर्थातच स्वतःची थट्टा म्हणून.

समीक्षेत मात्र हा शब्द थट्टेने वापरला जात नाही. बखरीतील नजराण्यांच्या, वस्त्रांच्या, हत्तीघोड्यांच्या याद्यांना आपण सहज खोगीरभरती म्हणतो. त्या याद्यांतून कोणाचा मान किती आणि कोण कोणाच्या खालचा हे कळते. त्या वगळल्या तर दरबाराची रचनाच निसटते. छापील पोवाड्यात झीलकऱ्यांचा 'जी जी' हा घोष भरतीसारखा वाटतो. प्रत्यक्ष सादरीकरणात तो शाहिराला श्वास देतो आणि श्रोत्यांना चरणाचा शेवट दाखवितो. भरती काढून टाकली तर खोगिराचे दोन पदर उरतात आणि स्वाराचा भार घोड्याच्या कण्यावर येतो.

याचा अर्थ सर्व भरताड समर्थनीय ठरते, असा नव्हे. गाठी झालेली, एका बाजूला गोळा झालेली भरती घोड्याची पाठ सोलते. ऐतिहासिक कादंबरीत जीन, खोगीर, चारजामा हे शब्द केवळ काळाचा रंग देण्यासाठी एकत्र ओतले जातात, तेव्हा तसेच घडते. म्हणून एखाद्या मजकुराला खोगीरभरती म्हणण्यापूर्वी तो कोणता भार पेलतो, हे तपासले पाहिजे. काहीच पेलत नसेल तर तो जरूर दोष समजावा.

समारोप

वरील विवेचनातून अध्यापनापुरत्या दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली अशी की, पाठ्यपुस्तकांच्या आणि संपादित आवृत्त्यांच्या टिपांत खोगीर, जीन, पलाण यांना समानार्थी ठरवू नये. खोगीर म्हणजे भरतीचे मऊ आसन, जीन म्हणजे सांगाड्याचे आसन आणि पलाण म्हणजे जुने सर्वसामान्य नाव, पुढे मुख्यतः ओझ्याच्या जनावरासाठी राहिलेले. एवढी टीप पुरेशी आहे. माधव जूलियन यांचा 'फारसी-मराठी कोश' (१९२५), दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि मोल्सवर्थचा कोश शेजारी ठेवून अशा टिपा विद्यार्थ्यांकडूनच तयार करून घेता येतील.

दुसरी सूचना आपल्या परिसराशी संबंधित आहे. घोड्याच्या साजाचे शब्द कोशांत तरी जपले गेले. बैल आणि रेडा यांच्या साजाचे, जुवाचे, दोरखंडांचे झाडीबोलीतील शब्द आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. ट्रॅक्टर आल्यापासून त्यांचा वापर कमी होत चालला आहे. ज्या विद्यार्थ्याच्या घरी ते बोलले जातात, त्याने ते वस्तूच्या रेखाटनासह आणि तिच्या उपयोगासह लिहून आणावेत. 'जीनभरती'चा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तर देण्यास प्रस्तुत लेखकाला फार वेळ लागला. बैलाच्या साजाविषयी तसाच प्रश्न उद्या कोणी विचारील, तेव्हा उत्तर सांगणारी माणसे गावात असतील तोवरच ही नोंद झाली पाहिजे.