पोरींच्या गाण्यांचे मासिक

पंचमीला आपल्या नांदेडकडे पोरी झोक्यावर गाणी म्हणतात. काही पोरी स्वतःही गाणी जुळवतात. ती टिकावीत म्हणून त्यांच्यासाठी मासिक काढू या.

शाळेत आम्ही एकदा असे मासिक काढले. गाणी आम्हीच निवडली. पोरींना विचारले नाही. दुसरा अंक कुणी उघडलाच नाही. चूक आमची होती.

१९३० साली किर्लोस्करवाडीला ‘स्त्री’ मासिक निघाले. १९८९ साली विद्या बाळ यांनी पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. हेमा राईरकर व त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव बायकांजवळ बसून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. म्हणणारीचे नाव-गावही लिहून ठेवले.

बाई-बापहो, आधी दहा घरी जा. पोरींना विचारा : काय वाचाल? वेळ कधी मिळतो? कोणते गाणे द्याल? मग कागद, शाई, खर्च यांचा हिशेब मांडा. पहिला अंक हातानेच लिहा.

गाण्याखाली म्हणणारीचे नाव लिहा. ती नको म्हणाली तर लिहू नका. आपल्या आयांची गाणी राहिली, नावे गेली. आता तुम्हाला लिहिता येते.

सराव : घरातल्या एका बाईचे गाणे ऐका व वहीत उतरवा.