एकाक्ष भाऊ

देवांचे पुत्र मनुष्यलोकी जन्मास येतात व त्यांच्या अंगी अलौकिक सामर्थ्य असते, ही कल्पना आपणांस नवी नाही. भीम हा वायूचा पुत्र आणि अर्जुन इंद्राचा, हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. प्राचीन ग्रीकांच्या पुराणांतही असे वीर आहेत. हे देवपुत्र आजच्या अमेरिकेत जन्मले आणि तुमच्याप्रमाणे शाळेत जाऊ लागले तर? रिक रायर्डन या लेखकाने या प्रश्नातून एक कथामालाच उभी केली.

रायर्डन हे मूळचे शिक्षक. त्यांच्या मुलास अक्षरे वाचणे जड जाई; ग्रीक पुराणकथांची मात्र त्याला विलक्षण गोडी. रोज रात्री सांगता सांगता जुन्या कथा सरल्या, तेव्हा त्याने नव्या कथेचा हट्ट धरला आणि पर्सी जॅक्सन जन्मास आला. पर्सीच्याही डोळ्यांपुढे अक्षरे नाचतात; कारण त्याची बुद्धी प्राचीन ग्रीक भाषेसाठी घडलेली असते! मुलाच्या उणिवेला पित्याने किती सुंदर अर्थ दिला, पाहा.

या मालेचा पहिला भाग २००५ साली निघाला. दुसरा, ‘द सी ऑफ मॉन्स्टर्स’, २००६ साली आला. मला हा दुसराच अधिक आवडतो.

पर्सी तेरा वर्षांचा आहे. समुद्रदेव पोसायडन हा त्याचा पिता. त्यामुळे पाणी त्याच्या इच्छेप्रमाणे वागते. त्याच्या शाळेत टायसन नावाचा एक निराधार मुलगा असतो. देह धिप्पाड, बोलणे मात्र बालकासारखे. मुले त्याला छळतात. पर्सी तेवढा त्याच्याशी मैत्री करतो. पुढे दोघे लाँग आयलंडवरील देवपुत्रांच्या छावणीत येतात. तेथे कळते की टायसनला कपाळाखाली एकच डोळा आहे. तो सायक्लॉप्स, म्हणजे एकाक्ष राक्षस आहे. इतक्यात त्याच्या मस्तकावर पोसायडनचे त्रिशूळ तेजाने झळकते. हा राक्षस पर्सीचा सावत्र भाऊ ठरतो!

सारी छावणी हसू लागते आणि पर्सी लाजेने चूर होतो. ज्याने टायसनला मित्र मानले, त्यालाच तो भाऊ म्हणून नकोसा होतो. दुबळ्याला मदत करताना आपण मोठे ठरतो. नाते सांगताना मात्र बरोबरीने उभे राहावे लागते, आणि तेच पर्सीला जड जाते. दुष्ट राक्षसांशी लढणे त्या मानाने सोपेच होते.

मग साहसास आरंभ होतो. छावणीचे रक्षण करणाऱ्या वृक्षावर कोणी विषप्रयोग केलेला असतो. थॅलिया ही झ्यूसची कन्या मित्रांना वाचवताना मरणोन्मुख झाली, तेव्हा पित्याने तिला वृक्षरूप दिले, तोच हा वृक्ष. त्यावर उपाय एकच, सोनेरी लोकरीचे कातडे. आणि ते आहे पॉलिफीमसच्या बेटावर. होमरच्या ‘ओडिसी’ महाकाव्यात ओडिसियसने ज्या राक्षसाचा डोळा फोडला, तोच हा पॉलिफीमस. गंमत अशी की, तोही पोसायडनचाच पुत्र!

वाटेत सर्सी नावाची जादूगारीण पर्सीला गिनीपिग बनवते. तो प्रसंग तुम्ही मुळातूनच वाचा. मला सांगायचे आहे ते निराळेच. प्रवासात जहाजाचे बाष्पपात्र फुटण्याच्या बेतात येते. सायक्लॉप्सना आगीची बाधा होत नाही, म्हणून टायसन आपण होऊन त्या भट्टीकडे धावतो. जहाजाचा स्फोट होतो. टायसन गेला असे पर्सीला वाटते, आणि आपण त्याला एकदाही मनापासून भाऊ म्हटले नाही, हे त्याला आठवते.

परंतु टायसन वाचतो. समुद्री घोड्यावर बसून तो बेटावर येतो आणि ऐन संकटात सर्वांच्या उपयोगी पडतो. कातडे मिळते. मोहीम अधिकृतपणे क्लॅरिस या मुलीकडे सोपवलेली असल्यामुळे पर्सी तिच्याच हाती ते पाठवतो. वृक्ष बरा होतो.

शेवटी छावणीत रथांची शर्यत लागते. टायसनने आपल्या हातांनी घडवलेले घड्याळ पर्सीच्या मनगटावर असते. कळ दाबताच त्याची ढाल होते. पर्सी जिंकतो. जयघोष चालू असताना पूर्वी हसलेल्या त्याच मुलांपुढे तो मोठ्याने सांगतो की, टायसन हा माझा धाकटा भाऊ आहे.