संगणकावरचे न दिसणारे कर्ज

कुंडी भंडारा आपण सर्वांनी पाहिला आहे. १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात बांधलेली ही पाणीयोजना. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, केवळ उताराच्या जोरावर शहराकडे आणले. लिफ्टने खाली उतरलात तर भिंतींवर पांढरट थर दिसतो. पाण्यातला चुना वर्षानुवर्षे साठत गेला आणि बोगदा आतून अरुंद होत गेला. वरून मात्र कुंडी जशीच्या तशी दिसते.

संगणकाच्या व्यवस्थेतही असाच थर बसतो. त्याला टेक्निकल डेट, म्हणजे तांत्रिक कर्ज म्हणतात. अमेरिकेतील प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये ही उपमा दिली. घाईत काम भागवले आणि "नंतर नीट करू" म्हटले, की झाले कर्ज. त्यामुळे पुढच्या प्रत्येक कामाला जो जादा वेळ लागतो, ते व्याज. कर्ज घेणे वाईटच असे नाही. आपल्या गावचा यंत्रमागवाला सूत उधार आणतो, कापड विकून फेडतो. पण त्याची उधारी वहीत लिहिलेली असते. हे कर्ज कुठल्याच वहीत नसते, म्हणून शोधावे लागते.

मोठ्या कंपनीत सर्व्हर, नेटवर्क सांभाळायला वेगळी टीम असते. आपल्याकडे दोन शिक्षक आणि कार्यालयातले बाबू, एवढीच टीम. तरी शोधण्याची रीत तीच. पहिला प्रश्न असा, की कोणते काम एकाच माणसाला येते? एका मार्चमध्ये निकाल छापायचे अडले, कारण पासवर्ड फक्त निवृत्त झालेल्या बाबूंना ठाऊक होता आणि ते नातवाच्या मुंजीला गेले होते. शेवटी तो जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेला सापडला! दोष बाबूंचा नाही. दर वर्षी "चालतंय ना, मग राहू द्या" म्हणणारा मीच होतो.

दुसरे कर्ज अधिक खोल आहे. आपले जुने दाखले कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. मी स्वतः हिंदी टायपिंग त्यावरच शिकलो, त्यामुळे माया आहे. पण कृतिदेवमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, तेव्हा फाइलमध्ये खरे तर इंग्रजी 'डी' साठवलेला असतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोडमध्ये 'कुलकर्णी' टाइप करून शोधले, तर एकही कुलकर्णी सापडत नाही. मग एकेका दाखल्यासाठी बाबू तासभर फायली चाळतात. तो तास म्हणजे व्याज.

बॅकअप घेतो असे सगळेच सांगतात. तो परत उघडून कधी पाहिला, हे विचारा. विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. आपल्या लॅबमध्ये इंटरनेटला जोडलेले असे संगणक आहेत.

सगळे कर्ज एकदम फेडायची गरज नाही. टायपिंगच्या सरावाचा एक जुना संगणक नेटला जोडलेला नाही, त्याला मी हात लावणार नाही. दाखल्यांचे काम मात्र आधी घ्यावे, असे माझे मत आहे. तिथे रोज व्याज जाते, आणि जुने विद्यार्थी नोकरीच्या कागदांसाठी ताटकळतात.

नववीच्या मुलांनी यासाठी एक रजिस्टर आखले आहे. कोणता संगणक, कोणत्या साली घेतला, त्यावर काय चालते, ते कोणाकोणाला येते, बॅकअप शेवटचा कधी उघडून पाहिला. पासवर्ड त्यात लिहायचे नाहीत, हे मुलांनीच ठरवले. इंदूर, पुण्याला या क्षेत्रात नोकरी करणारे पालक सुटीत गावी आले, तर त्यांनी एक सकाळ लॅबमध्ये यावे ही विनंती. विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत हे रजिस्टर टेबलावर असेल.